डिसेंबरातले सहा दिवस

१

हिराबाईंनी पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, पिशवीतल्या चमच्यानं झाकण उचकटलं आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"खा."

मी एक काजू तोंडात टाकला. सालीसकट भाजलेला, आजऱ्याचा. चावल्या चावल्या जिभेवर शिळ्या तेलाचा वास पसरला. थुंकता येईना, गिळता येईना.

"गीळ की," त्या म्हणाल्या. "असं दोनशे डबं हायत आमच्या शेडात. दमट हवा लागली, खवट व्हायला लागल्यात."

जून २००६ होता. राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर आमचं तीन माणसांचं ऑफिस. लोक इंटरनेटवर कोणते शब्द टाकून काय शोधतात ते हुडकायचं, आणि आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट त्या शब्दावर सगळ्यांत वर आणायची, हा आमचा धंदा. हिराबाई आजऱ्यातल्या बारा बायकांच्या काजू गटाच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेल्या, काजूच्या टरफलातल्या तेलानं बोटांची टोकं कायमची काळी झालेल्या.

"मार्चात तू मला कागद दिलास," त्या म्हणाल्या. "'आजरा भाजका काजू' ह्या नावानं म्हैन्याला तीन हजार माणसं शोधत्यात म्हणालास. पांढरा गर व्यापाऱ्याला द्यायचा सोडून आम्ही सगळा हंगाम भाजून बसलो. तीन म्हैन्यात गिऱ्हाइकं किती आली? नऊ. मग तीन हजार कुठं गेली रं? काल फोनवर तू म्हणलास, आकडा खोटा हाय, आमच्या तोहिदनं रचला असणार. साडेचारची आजरा गाडी हाय. त्याच्या आत मला त्याच्या तोंडानं ऐकायचंय. अकराजणी माझी वाट बघत बसल्यात. त्यांना जाऊन एक नाव सांगायचंय."

मी काही बोलणार तेवढ्यात दारात कपबशी वाजली. आमच्याकडं मशीनचं काम बघणारा तोहिद चहा घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

मी त्याचं नाव घेतलंय, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

२

त्या आकड्याचा जन्म कसा झाला, ते आधी सांगायला हवं.

मार्चाच्या सुरवातीला आमच्यापुढं दोन टूलं होती. कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो, ते सांगणारी. एक फुकटचं. तोहिदनं शोधलेलं. त्यात शब्द टाकला की मागच्या सहा महिन्यांचे आकडे धडाधडा येत. दुसरं विद्याश्रीनं सुचवलेलं, वर्गणीचं. विद्याश्री आमच्याकडं शब्दांचं काम बघायची. मुलगी कमी बोलणारी, पण एकदा बोलली की खिळा ठोकल्यासारखी.

एकच शब्द दोन्हींत टाकून बघायचं ठरलं. 'आजरा भाजका काजू', इंग्रजी अक्षरांत. फुकटच्या टूलानं तीन हजारांच्या वर सांगितलं. वर्गणीच्या टूलानं सांगितलं, शून्य.

"सर, जिथं दोघांत एवढं अंतर, तिथं थांबावं," विद्याश्री म्हणाली होती. "फुकटचं टूल बटण दाबलेलं मोजतं. माणूस मोजत नाही. कुणी दिवसभर तेच बटण दाबत बसलं तर?"

"कोण बसंल दाबत? खुळं हाय व्हय कुणी?" मी हसलो होतो. "आणि तुझ्या त्या साहेबी टूलाला आजरा कुठं ठाऊक? आपल्या मातीतला शब्द परक्याला कसा दिसायचा?"

मला ते बोलताना फार छान वाटलं होतं. आपल्या गावाची बाजू घेतल्यासारखं. मोठा आकडा निवडला, फुकटचं टूल निवडलं, आणि छापलेला कागद घेऊन आजऱ्याला गेलो. शेडात बायका गराची साल काढत बसल्या होत्या आणि गात होत्या:

काजू सोलून सोलून, माझी बोटं झाली काळी,
दूरच्या गं पावण्याच्या, ताटामंदी ही दिवाळी.

मी कागद वाचून दाखवला. गाणं थांबलं. तीन हजार पावणं, म्हणून एकीनं पदर तोंडाला लावला. तो पदर मला अजून दिसतो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आप्पांनी, माझ्या वडलांनी, रोजच्यासारखं विचारलं होतं, "तुझं ते काजूचं नाव आलं का रं वर?" मी नेहमीसारखंच पायातलं काढता काढता म्हणालो होतो, "येतंय, येतंय."

३

तोहिदनं चहा खाली ठेवला. 

"दादा, मी?"

"पहिलं टूल तूच आणलंस," मी म्हणालो. "आणि मशीनला सांगून ठेवलं की ते आपोआप शब्द टाकत बसतं, असं तूच मला एकदा दाखवलं होतंस."

"दाखवलं, म्हणून मीच केलं?"

"थांब," हिराबाई मला म्हणाल्या. "तू लई बोलतोयस. मला इचारू दे." त्यांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. "पोरा, तुझं टूल निवडलं तर तुला काय मिळणार हुतं?"

"शाबासकी, मावशी. ती बी मिळाली न्हाय."

"मग कशाला भांडत हुतास त्याच्यासाठी?"

"पटलं हुतं म्हणून. मला आकडा खराच वाटला. मी घरी अम्मीला सांगितलं, आजऱ्याचा काजू दुनिया खाणार." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझं नाव तुमच्या शेडात जायचं असंल तर जाऊ द्या. पण तिथनं ते आजऱ्याच्या बाजारात जाईल. माझी खाला, अम्मीची बहीण, तिथंच राहते. तिला तोंड दाखवायचंय मला."

 हिराबाईंनी विद्याश्रीला बोलावलं.

"आणि तू गं? तुला हे फुकटचं टूल बुडावं असं वाटत हुतं न्हवं?"

"वाटत होतं," विद्याश्री सरळ म्हणाली.

"मग खोटा आकडा फुगवून, नंतर बघा कसं तोंडावर पडलात, असं दाखवायला तूच कशावरनं न्हाय बसलीस बटण दाबत?"

विद्याश्रीचा चेहरा लाल झाला. "मावशी, तोंडावर पाडायचं असतं तर मी सरांना पाडलं असतं. तुम्हाला कशाला?"

हिराबाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी काळं बोट टेबलावर आपटलं.

"तो कागद आण. सहा म्हैन्यांचा. आकडं मला वाचून दाखव, सावकाश."

४

विद्याश्रीनं वाचलं.

सप्टेंबर, ३२४३. ऑक्टोबर, ३३५०. नोव्हेंबर, ३२४१. डिसेंबर, २७०२. जानेवारी, ३३४९. फेब्रुवारी, ३०२५.

हिराबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग डब्यातले काजू मूठभर काढून टेबलावर पसरले आणि बोलता बोलता त्यांची बोटं त्यांची रास लावायला लागली. मोठे इकडं, बारके तिकडं, पाकळ्या वेगळ्या.

"आमच्यात काजू नंबरावर जातो," त्या म्हणाल्या. "एका पौंडात किती गर बसत्यात, तो नंबर. तराजू नसला तरी माझ्या बोटाला कळतंय, ही रास तीनशेवीसची, ही दोनशेचाळीसची. आणि रास कुणी मुद्दाम लावली का आपसूक पडली, ते बी कळतंय. ही लावलेली हाय."

"कशावरनं?" मी विचारलं.

"ऑक्टोबर मोठा, जानेवारी मोठा. सप्टेंबर, नोव्हेंबर वाईच बारके. फेब्रुवारी आणखी बारका. आरं, गिऱ्हाईक कधी म्हैन्याचं दिवस मोजून येतंय व्हय? दिवाळीत काजूला गर्दी, तर दिवाळीचा म्हैना उठून दिसाय पायजे. इथं एकतीस दिवसांचा म्हैना मोठा नि तीस दिवसांचा बारका, एवढंच."

विद्याश्री कागदावर झुकली. "जानेवारीतनं नोव्हेंबर वजा केला तर... एकशेआठ."

"आणि फेब्रुवारी?"

"जानेवारीपेक्षा तीनशेचोवीसनं कमी. फेब्रुवारीला दिवस तीन कमी." तिनं कागदावर भागून बघितलं. "तीनशेचोवीसचे तीन भाग केले तर एकशेआठच."

विद्याश्रीनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे रोज एकशेआठ," हिराबाई म्हणाल्या. "न चुकता. वरचं दोन-तीन इकडंतिकडं, ते खरं गिऱ्हाईक असंल बिचारं. आता मला सांगा, मशीनला आकडा सांगायचा असला तर माणूस काय सांगंल?"

"शंभर," तोहिद पुटपुटला. "नाहीतर हजार."

"एकशेआठ कोण सांगंल? ही माळ हाय. कुणीतरी माळ घेऊन बसतंय रोज." त्यांनी तोहिदकडं बघितलं. "तुमच्यात किती मण्यांची असती रं?"

"तेहतीस, तेहतीस नि चौतीस. शंभर," तोहिद म्हणाला. आणि मग त्याही अवस्थेत त्याच्या जिभेवर कोल्हापूर आलंच. "एकशेआठवालं तुमच्यातलंच कुणीतरी, मावशी. आमच्यावर नका घालू."

विद्याश्री हसली. मी हसलो नाही. 

"राहिला डिसेंबर," हिराबाई म्हणाल्या. "एकतीस दिवसांचा म्हैना. तेहतीसशेच्या वर पायजे हुता. सत्तावीसशेच कसा?"

विद्याश्रीनं भागाकार केला. "पंचवीस दिवस भरतात. सहा दिवस माळ झालेली नाही."

"म्हंजे डिसेंबरात सहा दिवस कुठंतरी गेलेलं माणूस. ते मला द्या."

५

आम्ही हजेरीचं मस्टर काढलं. तोहिद डिसेंबरभर हजर. विद्याश्रीची रजा होती, भावाच्या लग्नाची, निपाणीला. हिराबाईंची मान वर झाली.

"किती दिवस?"

"नऊ," विद्याश्रीनं मस्टर त्यांच्यापुढं धरलं. "सही नसलेल्या जागा बघा. सहा नाही, नऊ."

हिराबाईंनी त्या रिकाम्या जागा काळ्या बोटानं एकेक मोजल्या. मग मान हलवली. "ही बी न्हाय. आणि तू रं, शिवशरण?"

"मी हजर होतो," मी म्हणालो. खरंच होतो. एक दिवस सोडून. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं शिरोळला गेलो होतो आणि संध्याकाळी परत आलो होतो. परत येताना मी एकटा होतो.

जाताना एकटा नव्हतो.

शिरोळला माझी आत्या आजारी होती. आप्पांना तिच्याकडं सोडलं, आणि सातव्या दिवशी ते एसटीनं आपले आपण आले. आल्या आल्या त्यांनी पिशवी ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि "देवळात जाऊन येतो, लई दिवस चुकलं" म्हणून भर दुपारी बाहेर पडले. देऊळ तेव्हा बंद असतं. मला ते तेव्हा ठाऊक होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

एकेक गोष्ट मग आपोआप पुढं आली. सप्टेंबरापासून आप्पांचं रोज सकाळी सातला देवळात जाणं. साडेनऊपर्यंत न परतणं. गळ्यातली रुद्राक्षाची माळ हातात गुंडाळून नेणं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावलेला बाम. आणि रोजचा तो प्रश्न, नाव आलं का रं वर?

तरी मी गप्प बसलो. तोहिद समोर उभा होता, त्याचं नाव गाडीत बसायला निघालं होतं, आणि मी मस्टरची पानं उलटत राहिलो. किती वेळ? घड्याळात बघितलं तर चार मिनिटंच होती. 

"शिवशरण," हिराबाई म्हणाल्या, "मघापासनं तू एक सवाल केला न्हाईस. आधी तर तोंडाला खळ नव्हता."

मी मस्टर मिटलं.

"तोहिद नाही," मी म्हणालो.

"ते मला बी कळलंय. कोण हाय?"

"घरी चला, मावशी. जवळच आहे." आणि मग तोहिदकडं वळलो, "तूही चल. तुझ्यासमोर बोलायला हवं."

६

आप्पा सोप्यात पाटावर बसून पेपर वाचत होते. चनबसाप्पा, छापखान्यातले निवृत्त कंपोझिटर. चाळीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांनी लोकांच्या लग्नपत्रिका नि हँडबिलं जुळवली होती. मराठी, कानडी, इंग्रजी, कुठलंही अक्षर त्यांच्या बोटाला अंधारातही सापडायचं. छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि ती बोटं घरी बसली.

"आप्पा, ह्या हिराबाई. आजऱ्याच्या. काजूवाल्या."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"या की, या! तुमचं नाव मी रोज घेतोय." ते उठून उभे राहिले. "वर आलं का?"

हिराबाईंनी माझ्याकडं बघितलं. विचारणार त्या नव्हत्या. विचारायचं मला होतं.

"आप्पा, तुम्ही सकाळी कुठं जाता?"

ते लाजले. चोरी सापडलेल्या मुलासारखे नाही. बक्षीस सांगून टाकावं लागलेल्या माणसासारखे.

"दिलदारच्या इंटरनेट कॅफेत. कोपऱ्यावर. सातला उघडतो, पहिलं गिऱ्हाईक मी. एक मणी सरकवायचा, एक डाव नाव टाकायचं. मशीन सावकाश हाय, दोन तास जात्यात. पर अक्षरं मला बरोबर घावत्यात. दिलदार म्हणतोय, आजोबा, एवढं काय शोधताय? मी म्हणलं, शोधत न्हाय बाबा, घेतोय."

"कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?" हिराबाईंनी हळू विचारलं.

"ह्यानंच की." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. बामाचं बोट.

आणि मला गेल्या श्रावणातली ती सकाळ आठवली. काजू गटाचं काम नुकतंच हाती आलं होतं आणि मी घाईत होतो. आप्पा दारात आडवे आले होते. "तुझ्या कामात मला काय करता येईल व्हय रं? मला अक्षरं कळत्यात." मी त्यांना बाजूला करत म्हणालो होतो, "काही नको आप्पा. बसून 'आजरा भाजका काजू'चा जप करा. नाव वर येईल." आणि जिना उतरलो होतो. दुसऱ्या पायरीवर ते विसरलोसुद्धा होतो.

ते विसरले नव्हते.

मी सगळं सांगितलं. टूल माणसं मोजत नाही, बटण मोजतं. विद्याश्रीनं सावध केलं होतं. मी ऐकलं नाही. तीन हजारांचा कागद. दोनशे डबे. आप्पा ऐकत होते, आणि त्यांच्या हातातली माळ मण्यामण्यानं थांबत गेली.

"म्हंजे," ते म्हणाले, "ती तीन हजार गिऱ्हाइकं... मी एकटाच हुतो?"

मी मान डोलावली.

"बाई," ते हिराबाईंना म्हणाले, "मी तुमचं नुकसान केलं."

"न्हाय, आप्पा," मी म्हणालो. "मी केलं. तुम्ही नाव घेतलंत. मी ते न बघता लोकांना विकलं. आणि वर तोहिदचं नाव घेतलं, कारण ते घ्यायला सोपं होतं." मी तोहिदकडं वळलो. बोलायचं बरंच होतं. "चुकलो," एवढंच बाहेर आलं.

तोहिद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं, पण मान हलवली नाही. तो आत आला, आप्पांच्या हातातून पडू पाहणारा पेपर त्यानं घेतला, नीट घडी केली आणि पाटावर ठेवला.

हिराबाई उठल्या. मी विचारलं, "शेडात कुणाचं नाव सांगणार?"

"मी कुणाचंच सांगणार न्हाय," त्या म्हणाल्या. "पायात घाल. साडेचारची गाडी हाय. तुझ्या तोंडानं सांग."

७

शेडात अकराजणी होत्या. मी उभा राहून सांगितलं. त्यांतल्या सगळ्यांत थोरल्या बयाबाई. ऐकू कमी यायचं म्हणून हिराबाईंनी त्यांच्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं. बयाबाई माझ्याकडं वळल्या.

"म्हाताऱ्यानं रोज घेतलं आमच्या काजूचं नाव?"

"रोज."

"एक दिस चुकवला न्हाय?"

"सहा चुकवले. बहीण आजारी होती."

त्यांनी मान डोलावली. मग न सोललेल्या गराची एक पाटी माझ्याकडं ढकलली. मी बसलो. अंधार पडेपर्यंत सोलत होतो. कुणी गायलं नाही.

पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघं चांगले राहिलेले डबे निवडून कोल्हापुरात दुकानं हिंडलो. नव्वद खपले. पेठ वडगावच्या बाजारात आणखी वीस. उरलेले खवट झाले. पुढच्या हंगामात गट पुन्हा व्यापाऱ्याला पांढरा गर देऊ लागला, आणि मी पुन्हा कधी त्यांना कागद नेऊन दिला नाही.

विद्याश्रीचं टूल आम्ही घेतलं. आता कुठलाही आकडा आला की ती दोनदा विचारते, ही किती माणसं? आणि मी थांबतो. तोहिद अजून आमच्याकडंच आहे. मला तो 'दादा' म्हणायचा, आता 'सर' म्हणतो.

फुकटचं टूल मी बंद केलं नाही. महिन्यातून एकदा, एकाच शब्दासाठी उघडतो. जुलैचा आकडा आला तेव्हा तोहिद माझ्या मागं उभा होता. 'आजरा भाजका काजू', १०८.

आप्पांनी बंद केलं होतं. जूनमध्येच, दिलदारला मी विचारलं होतं. म्हणजे जुलैत कधीतरी ते एकदाच गेले होते. एक माळ पुरी करून, उठून आले असणार. उद्यापन केल्यासारखे.

"सर," तोहिद म्हणाला, "आपण बघितलं हे आप्पांना कळू देऊ नका."

मी सांगितलं नाही. आप्पा आता सकाळी खरंच देवळात जातात, अर्ध्या तासात येतात आणि सोप्यात बसतात. नाव वर आलं का, असं विचारत नाहीत. मी पायातलं काढताना मुद्दाम वेळ लावतो. तरी विचारत नाहीत.

ऑगस्टच्या आकड्यात त्या शब्दापुढं शून्य होतं.

 मी शोधायची चौकट उघडली आणि एका बोटानं, आप्पांसारखी एकेक अक्षर वेचून, तो शब्द टाकला. एकदाच.

पुढच्या महिन्यात तिथं एक येणार होतं. ते गिऱ्हाईक मी.